नाम घेणारा कोण?

आमच्या घरी यंदा दिवाळी आहे. गेल्या वर्षी नव्हती. २०२४ च्या आषाढात आई गेली, आणि वर्ष सरेपर्यंत सण करायचा नाही या रीतीप्रमाणे आकाशकंदील माळ्यावरच राहिला. शेजारच्या घरांतून फराळाची ताटे तेवढी आली. परवा तो कंदील काढण्यासाठी मी शिडी लावून माळ्यावर चढलो, तर कंदिलाच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाखाली, आईची गोमुखी सापडली. दोन वर्षे आम्ही ती शोधत होतो. खोके माळ्यावर जाण्यापूर्वी कधीतरी तिनेच ती तिथे ठेवली असावी. शेवटच्या काळात ती वस्तू कुठेही ठेवीत असे. माझा चष्मा एकदा तांदळाच्या डब्यात निघाला होता.

गोमुखीत तुळशीची माळ होती. मणी झिजून गुळगुळीत झालेले. माळ हातात घेऊन मी शिडीवरच किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. शेवटी खालून सौ.ने विचारले, ‘‘कंदील सापडला का?’’

सणासुदीच्या अंकात आजारपणाची आणि मरणाची गोष्ट काढावी की नाही, याचा मी थोडा विचार केला. पण दिवाळीच्या पहाटे आपण दिवा लावतो तो अंधार आहे म्हणूनच. तेव्हा वाचक मला क्षमा करतील असे वाटते. शिवाय जी गोष्ट मी सांगणार आहे ती मरणाची नाही. माझ्या आईने पन्नासहून अधिक वर्षे एक मंत्र जपला, आणि अखेरीस तिला स्वतःचे नावही आठवेना, तरी तो मंत्र आठवत होता. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मंत्र जपून माणसाला स्वतःची ओळख होते, असे आपली शास्त्रे सांगतात. मग हे काय झाले?

आईचा मंत्र साधाच होता. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत तो चालतो. श्रीराम जयराम जय जय राम, ही तेरा अक्षरे. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी सासूबाईंबरोबर ती गोंदवल्यास गेली आणि तेथून हा मंत्र घेऊन आली. गोंदवलेकर महाराज १९१३ साली गेले, पण त्यांनी सांगितलेल्या नामाचा व्यवहार त्या गावी आजही अखंड चालू आहे. हाच मंत्र समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी वेळा जपला, असे परंपरा सांगते. मी शाळामास्तर, आकडा दिसला की हिशेब केल्यावाचून राहवत नाही. दिवसाला साधारण साडेएकोणतीस हजारांच्या वर संख्या जाते. सेकंदाला एक म्हटला तरी रोजचे आठ तास. हा हिशेब मी एकदा आईला मोठ्या उत्साहाने सांगितला होता. तेव्हा ती शुद्धीत होती. तिने माळ थांबविली नाही. फक्त म्हणाली, ‘‘तू मोजत बस. मला घेऊ दे.’’

त्या वेळी मला ते उत्तर अडाणीपणाचे वाटले होते.

स्मृतिभ्रंशाचा आजार २०१९ साली सुरू झाला. प्रथम भाजीत मीठ दोनदा पडू लागले, मग सूनबाईचे नाव विसरले, मग घर. राहत्या घरात बसून ती संध्याकाळी म्हणे, ‘‘आता मला घरी सोडा, उशीर झाला.’’ २०२१ सालच्या नरकचतुर्दशीची पहाट मी विसरणार नाही. सौ.ने तिला तेल लावले, उटणे लावले, न्हाऊ घातले, नवे लुगडे नेसविले, आणि कुंकू लावण्यासाठी हातात आरसा दिला. आई आरशाकडे बराच वेळ बघत राहिली. मग अदबीने विचारले, ‘‘ह्या बाई कोण?’’

‘‘आई, त्या तुम्हीच,’’ सौ. म्हणाली.

‘‘अगं बाई! मग मी कोण?’’

बाहेर पोरे फटाके उडवीत होती. घरात कोणी काही बोलले नाही. मी लिहिणारा माणूस आहे, ‘मी कोण?’ या प्रश्नावर माझ्या दोन कादंबऱ्यांतली पात्रे पानेच्या पाने बोलली आहेत. पण तो प्रश्न कोणी असा खरोखरीच विचारलेला मी प्रथमच ऐकला. त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आईने आरसा खाली ठेवला, गोमुखीत हात घातला, आणि ओठ हलू लागले.

या प्रसंगाने माझी झोप उडाली तेव्हा मी पुस्तकांकडे वळलो. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पायरीपर्यंतचे. संस्कृत शाळेत शिकलो तेवढेच. उपनिषदे मी मराठी भाषांतरांतून, बोट ठेवून वाचतो. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायाशी आलो आणि थबकलो. तिथे नारद सनत्कुमारांकडे विद्यार्थी म्हणून आलेला आहे. सनत्कुमार म्हणतात, तुला काय काय येते ते आधी सांग, पुढचे मग पाहू. उत्तम शिक्षकाची ही पहिली रीत. नारद यादी सांगतो. चार वेद, इतिहास-पुराणे, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्यासुद्धा. आणि एवढी यादी संपल्यावर तो मान खाली घालून कबूल करतो की आपण फक्त मंत्र जाणणारे आहोत, आत्मा जाणणारे नव्हे. आत्मा जाणणारा शोकाच्या पार जातो असे ऐकले आहे, आणि आपण तर शोकात आहोत.

मंत्र येतो, पण स्वतःची ओळख नाही! हे कोणा नास्तिकाने म्हटलेले नाही. ज्याच्या मुखी अखंड नारायण-नारायण आहे असे पुढच्या काळाने रंगविले, त्या नारदाचे हे उद्गार आहेत. आपल्या कीर्तनांतून आणि चित्रपटांतून चिपळ्या वाजवीत येणारा नारद आपल्याला माहीत असतो; हा शोकात बुडालेला, प्रामाणिक नारद आपल्याला कोणी दाखवीत नाही.

सनत्कुमारांचे उत्तर त्याहूनही विलक्षण आहे. ते म्हणतात, हे सारे जे तू शिकलास ते नाम आहे. मला वाटले, आता पुढे ते म्हणणार, नाम सोडून दे. तसे ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, नामाचीच उपासना कर. नामाची जिथवर धाव आहे तिथवर तू मोकळा होशील. मग नारद विचारतो, नामाहून मोठे काही आहे का? आहे. वाणी. वाणीहून? मन. असा एकेक जिना चढत पंधरा पायऱ्या होतात. नाम ही पहिली पायरी. पहिल्या पायरीवर पाय न देता दुसरीवर जाता येत नाही, आणि पहिलीवरच बसकण मारली तर जिना असून उपयोग नाही. जपासंबंधी इतके मोजके आणि इतके न्यायाचे बोलणे मी दुसरीकडे वाचलेले नाही.

या जिन्याची तेरावी पायरी स्मरणाची आहे. तिथे ऋषी म्हणतात की स्मरण नसेल तर अनेक माणसे एकत्र बसली तरी कोणी कोणाचे ऐकणार नाही, कोणी कोणाला जाणणार नाही. स्मरणाच्या बळावरच माणूस आपली मुले ओळखतो. हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवले. आदल्याच दिवशी आईने मला विचारले होते, ‘‘तुमची आई कुठं असते हो?’’

पण जिना तेराव्या पायरीवर संपत नाही. स्मरणाच्या वर आशा आहे, आशेच्या वर प्राण आहे. आणि प्राणापाशी आल्यावर नारद प्रश्न विचारायचाच थांबतो. पुढे सत्याकडे आणि त्या अमर्याद भूम्याकडे सनत्कुमार त्याला न विचारता घेऊन जातात. म्हणजे आपण ज्याला ‘मी’ म्हणतो, ते नाव, गाव, मुले, शिकलेली विद्या, जमवलेल्या आठवणी, ते सगळे ऋषींनी जिन्यावरच ठेवले आहे. कोणालाही घराचा मान दिलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही उगाच गुंता वाढवता. नाम कसेही घ्यावे, अर्थ कळो न कळो, ते आपले काम करते. वाल्याने उलटे नाव घेतले तरी तो वाल्मीकी झाला. अजामिळाने मरताना मुलाला हाक मारली, मुलाचे नाव नारायण होते, तेवढ्यावर विष्णूचे दूत धावत आले. ही समजूत आपल्या लोकांत फार खोल आहे आणि मी तिची थट्टा करणार नाही. दुबळ्या माणसाला तिने मोठा आधार दिला आहे. गांधीजींना लहानपणी भुतांची भीती वाटे, तेव्हा घरच्या रंभा नावाच्या दाईने त्यांना रामनाम सांगितले, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. भीतीवरचे औषध म्हणून आत आलेले नाम पुढे त्या माणसाच्या आयुष्यात कुठवर गेले ते जगाने पाहिले. तेव्हा नाम कोणत्या दाराने येते याला महत्त्व नाही.

परंतु अजामिळाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. भागवताच्या सहाव्या स्कंधात ती पुढे चालू आहे. यमदूत गेले, विष्णुदूतही गेले, आणि अजामिळ जिवंत राहिला. मग त्याला स्वतःचे सगळे आयुष्य दिसू लागले. टाकलेले आईबाप, टाकलेली बायको, केलेल्या चोऱ्या. तो पश्चात्तापाने पोळला, घर सोडून गंगाद्वारी गेला, तिथे त्याने साधना केली, आणि त्यानंतर तो मुक्त झाला. नामाने त्याला फासातून सोडविले ते वैकुंठाला नेण्यासाठी नव्हे. आधी स्वतःचे तोंड स्वतः बघण्यासाठी. कीर्तनकार हा भाग का गाळतात हे समजण्यासारखे आहे. श्रोत्यांना घरी जायची घाई असते.

पतंजलींनी हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली आहे. ओंकाराचा जप करावा आणि त्याच्या अर्थाची भावना करावी, असे त्यांचे सूत्र आहे. आणि त्याचे फळ म्हणून ते धन, संतती, सिद्धी यांपैकी काही सांगत नाहीत. आत वळलेल्या चैतन्याची ओळख होते आणि अडथळे दूर होतात, एवढेच सांगतात. अर्थाची भावना हे शब्द शिक्षकाला लगेच पटतात. एकोणतीसचा पाढा घडाघड म्हणणारी मुले मी वर्गात पाहतो. त्यातल्याच एखाद्याला विचारावे, एक पेन्सिल एकोणतीस पैशांना तर सात पेन्सिली केवढ्याला, की तो छताकडे बघतो. त्याचा पाढा खोटा नसतो. तोंडाच्या आत तो गेलेला नसतो इतकेच. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ हल्ली बोटात आकडे मोजणारे यंत्र घालतात. अंगठीसारखे ते असते, बटण दाबले की संख्या वाढते. ते भाजी घेतात, घासाघीस करतात, आणि अंगठा बटणावर चालू असतो. संख्या वाढते आहे यात शंका नाही.

मात्र त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही, हे पुढे कळेल.

आईच्या आजाराचे चौथे वर्ष फार कठीण गेले. ती रात्रभर जागी असे. तिच्या खाटेशी मी बसे, आणि वेळ जावा म्हणून मीही तिचाच मंत्र मनात घेऊ लागलो. याच सुमारास रमण महर्षींच्या चरित्रातला एक प्रसंग वाचनात आला. १९०७ साली गणपतिशास्त्री नावाचे मोठे विद्वान अरुणाचलाच्या डोंगरावर त्यांच्याकडे गेले. शास्त्रीबुवांनी ग्रंथ वाचले होते, मंत्रजप मनसोक्त केला होता, तरी तप म्हणजे काय ते कळले नाही असे म्हणून त्यांनी पाय धरले. तेव्हा महर्षी सत्तावीस वर्षांचे होते आणि सहसा बोलत नसत. थोडा वेळ गप्प राहून ते जे बोलले त्याचा आशय असा, की ‘मी’ ही जाणीव कुठून उठते ते पाहत गेले तर मन तिथेच विरते. आणि मंत्र जपत असाल तर त्या मंत्राचा नाद कुठून उठतो तिकडे लक्ष द्यावे, मन तिथेच विरते. तेच तप.

म्हणजे नारदाचा नाम आणि आत्मा यांमधला जिना इथे दोन वाक्यांत आटोपला आहे. मंत्र कुठे पोचतो हे पाहायचे नाही. तो कुठून निघतो ते पाहायचे. आम्ही सारे मंत्र पत्रासारखा वापरतो. वर पत्ता लिहायचा, पेटीत टाकायचा, उत्तराची वाट पाहायची. इथे पत्र लिहिणाऱ्याचाच शोध घ्यायला सांगितले आहे.

मी प्रयत्न केला. ओठ मिटले, मनात तेरा अक्षरे चालू ठेवली, आणि ती कुठून उठतात ते ऐकू लागलो. आता काही प्रकाश दिसला, शांती लाभली, असे लिहिणे सोपे आहे आणि दिवाळी अंकाला शोभणारेही आहे. तसे काही झाले नाही. तेरा अक्षरांच्या खाली मला दुसराच एक जप ऐकू आला. तो फार दिवस चालू असला पाहिजे, कारण त्याची लय पक्की बसलेली होती. ‘अजून किती दिवस, अजून किती दिवस’ असा तो जप होता.

मी आईच्या मरणाची वाट पाहत होतो.

हे मी प्रथमच लिहीत आहे. घरातल्यांनाही हे छापून आल्यावरच कळेल. लोक मला म्हणत, आईची सेवा करावी तर तुमच्यासारखी. मी मान खाली घालून ते ऐकून घेत असे, आणि ते ऐकणे मला आवडत असे. त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री आई दहा-अकरा वेळा उठली. शेवटी मी ओरडलो, ‘‘गप्प बस ना एकदाची!’’ ती खाटेवर अंग चोरून बसली, हाताची घडी तोंडावर घेतली आणि म्हणाली, ‘‘नाही बोलणार मास्तर.’’ तिच्या शाळेतले कोणी मास्तर तिला आठवले असतील. योगायोगाने मी मास्तरच आहे.

छांदोग्याच्या त्याच प्रकरणात, प्राणाच्या पायरीवर, आईला किंवा बापाला कोणी कठोर बोलला तर लोक त्याला धिक्कारतात, मातृघातकी, पितृघातकी म्हणतात, असे आले आहे. मी ते वाचलेले होते. खाली पेन्सिलीने रेघही मारलेली होती.

आता इथे एक पळवाट आहे आणि ती वेदांतातूनच जाते, म्हणून ती सांगितली पाहिजे. जे दिसते ते पाहणाऱ्याहून निराळे, हा वेदांताचा मोठा सिद्धांत. घडा पाहणारा मी घडा नव्हे. तसेच राग पाहणारा मी राग नव्हे. तेव्हा आईच्या मरणाची वाट पाहणारे ते मन मला दिसले, म्हणजे ते मी नव्हे, मी त्याचा केवळ साक्षी. किती सोयीचे! एका रात्रीत मला हा युक्तिवाद सुचला आणि दुसऱ्या दिवशी मी मोकळ्या मनाने शाळेत गेलो. दोन दिवस फार हलके वाटले. मग लक्षात आले की हे हलकेपण घोरपड्याच्या पाठीवरचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकल्याचे आहे. ओझे होते तिथेच होते.

सिद्धांत खोटा आहे असे मी म्हणत नाही. म्हणण्याची माझी योग्यताही नाही. पण आचार्यांनी या ज्ञानाच्या दारावर विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ असे चार पहारेकरी उभे केले, ते काही शोभेसाठी नव्हेत. कोर्टात साक्षीदार म्हणून उभे राहायचे असेल तर आपण त्या खटल्यातले आरोपी नाही हे आधी ठरावे लागते. मी आरोपी होतो आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन बसलो होतो. ‘हे मन माझे आहे, हे बोलणे मी बोललो’ असे म्हटल्याखेरीज ‘हे मन मी नव्हे’ असे म्हणण्याचा हक्क मिळत नाही, असे माझे मत झाले आहे. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात नाना तऱ्हेच्या जाणतेपणाची लांबलचक यादी देऊन ती सारी बाजूला सारली, आणि आपण आपल्याला पाहणे एवढ्यालाच ज्ञान म्हटले. ‘आपल्याला’ या शब्दातून मी स्वतःचे ओंगळ रूप वगळत होतो. ते वगळून उरते ते आत्मज्ञान नव्हे, आत्मस्तुती.

मी त्या पहाटे आईपाशी गेलो आणि तिचे पाय धरून म्हणालो, ‘‘आई, चुकलो.’’ तिला काय कळले देव जाणे. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाली, ‘‘असू दे. कुणाचा रे तू?’’

मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालविणारे मारुती शिवरामपंत कांबळी पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखले गेले. १९८१ साली ते वारले. त्यांच्या गुरूंनी, सिद्धरामेश्वर महाराजांनी, त्यांना मंत्र दिला आणि ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहायला सांगितले. मी अमुक आहे, तमुक आहे, हे नको, नुसते ‘आहे’. त्यांच्या मराठी संवादांचे इंग्रजी भाषांतर १९७३ साली निघाल्यावर परदेशांतून माणसे त्या माडीचा जिना चढू लागली. त्यांची शिकवण वाचताना मला पुनःपुन्हा आई दिसे. तिच्यापाशी ‘अमुक’ काहीच उरले नव्हते. नाव गेले, मुलगा गेला, आरशातले तोंड गेले. उरले होते ते ‘आहे’ एवढेच, आणि ओठांवर तेरा अक्षरे. ज्ञानी पुरुष जाणूनबुजून जे सोडतो ते रोगाने तिच्यापासून हिसकावून घेतले होते. दोन्ही एकच म्हणणे क्रूरपणाचे होईल. तिला भीती वाटत असे, ती रडत असे. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यावर अध्यात्माचा मुलामा देणे मला मान्य नाही. डॉक्टर म्हणाले, फार जुन्या सवयी मेंदूत शेवटपर्यंत टिकतात, जप ही तशीच एक. ते बरोबरच असेल. पण माझ्याही पुष्कळ जुन्या सवयी आहेत. माझे सगळे गेल्यावर माझ्या ओठांवर काय उरेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. त्या रात्री ऐकलेला तो दुसरा जप उरला तर?

गोमुखी हरवल्यावर आम्ही दुसरी माळ आणली. ती तिने घेतली नाही. पदराच्या काठावरून तिचा अंगठा फिरत राही. माळ होती तेव्हाचीही एक आठवण आहे. एकशेआठ मणी झाले की मेरुमणी ओलांडायचा नसतो, माळ उलटी फिरवून परत यायचे असते. आयुष्यभर पाळलेला हा नियम ती विसरली आणि माळ नुसती गोल गोल फिरू लागली. मला राहवेना. म्हटले, ‘‘आई, मेरू ओलांडू नये.’’ तिने गोमुखीतून माळ बाहेर काढली, दिव्यापाशी धरली, मणी न् मणी चाचपला आणि विचारले, ‘‘कुठाय?’’

आता मी रोज रात्री वह्या तपासून झाल्यावर पाव तास बसतो. बहुतेक दिवशी तेरा अक्षरांच्या खाली वह्याच चालू असतात. गेल्या श्रावणात असाच बसलो असता सहावीतल्या एका मुलाचा चेहरा मधेच आला आणि हलेना. त्याने पावसावर निबंध लिहिला होता, तो त्याच्या वयाला न शोभेल इतका चांगला होता, आणि हा दुसऱ्याकडून लिहून घेतला आहेस असे म्हणून मी वर्गासमोर त्याला शून्य दिले होते. त्याच्या बापाची पानाची टपरी आहे. मुलगा डॉक्टरचा असता तर मी शून्य दिले असते का? हा प्रश्न मी विचारला नाही. तो वरच आला. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून त्याची कच्ची वही मागितली. वहीत तोच निबंध तीनदा लिहून खोडलेला होता. मी वर्गासमोर माझी चूक सांगितली आणि त्याचे गुण दुरुस्त केले.

‘‘सर, मी तेव्हाच सांगितलं होतं,’’ तो म्हणाला, आणि मधल्या सुटीची घंटा झाली होती म्हणून डबा घेऊन पळाला.